प्लास्टरमावशींचे चुकलेले प्राणी

आमच्या इस्पितळाच्या तळमजल्यावर दोन दारं समोरासमोर आहेत. एका दारामागे मी बसतो, एक्स-रे काढणारा. दुसऱ्या दारामागे प्लास्टरमावशी. हाड कुठे मोडलंय ते माझ्याकडे कळतं, आणि जुळून येईपर्यंत ते बांधून ठेवायचं काम त्यांच्याकडे. एकोणीस वर्षं आम्ही असे समोरासमोर आहोत, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं मी दारात उभा राहून पाहिलेलं आहे. उरलेलं त्यांनी चहा पिताना सांगितलेलं.

मावशी ठेंगण्या, रुंद हाडाच्या, मनगटं पैलवानासारखी. संध्याकाळी घरी निघताना हातपाय कितीही धुतले तरी भुवयांत पांढरी भुकटी राहतेच. त्यांचे यजमान कुलपं दुरुस्त करतात आणि फारसं बोलत नाहीत, पण एवढं एक वाक्य त्यांचं ठरलेलं: "भिंत आली का घरी?" मावशींना त्याचा राग येत नाही, कारण त्यांचे वडील गवंडी होते. "वडील भिंतींना प्लास्टर करायचे, मी माणसांना करते," असं त्या सांगतात. "धंदा तोच. फक्त माझ्या भिंती रडतात."

आणि रडतात ते खरंच. मोठी माणसं तोंड दाबून, लहान मुलं खुलेआम. त्या खोलीत घाबरावं असं खरं तर काही नाही. एक मोठं सिंक, कोमट पाण्याच्या दोन बादल्या, कपाटात प्लास्टरच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या, कापसाचे रोल, एक उंच टेबल. गुंडाळी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, हलकं पिळायचं आणि कापसावरून गुंडाळत जायचं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, ते मावशी आधीच सांगून ठेवतात. पण भिंतीवरच्या हुकाला प्लास्टर कापायची करवत टांगलेली असते. तिचं चाक फिरत नाही, नुसतं थरथरतं. कडक वस्तू कापते, कातडी कापत नाही. मावशी चालू करवत स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवतात. पण पाच वर्षांच्या मुलाला हे पटवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांची खरी डोकेदुखी मात्र रडणं नव्हती. प्लास्टर घातल्यावर दुसऱ्या दिवशी बोटं दाखवायला यायचं असतं. आतला हात सुजला आणि प्लास्टर आवळलं तर रक्त अडतं, आणि मग हातावर बेतू शकतं. मावशी प्रत्येकाला हे तीनतीनदा सांगायच्या. लोक मान डोलवायचे आणि यायचे नाहीत. प्लास्टर झालं की काम झालं असं वाटतं माणसाला.

सात वर्षांपूर्वी एक पोर मात्र दुसऱ्या दिवशी आजीबरोबर आलं. दुमजली पलंगावरून पडून हाताचं हाड मोडलेलं. दारात पाय ठेवला, भिंतीवरची करवत पाहिली, आणि त्याने असा टाहो फोडला की मी हातातलं काम टाकून धावत गेलो. मावशींच्या हातात निळं जाड पेन होतं, प्लास्टरवर तारीख लिहायचं.

"थांब, थांब," त्या म्हणाल्या. "मी काही कापत नाही. तुझ्या हातावर घोडा काढते."

घोडा का, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. शाळा सुटल्यापासून त्यांनी कधी चित्र काढलं नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती असं आपण म्हणतो; इथे मारुतीही होईना. मान लांबली, आयाळीची रेघ फराटली, पोट वाढत वाढत थेट कोपरापर्यंत गेलं आणि तिथे प्लास्टर संपलं. पायांना जागाच उरली नाही. मला ते उशीला मिशा फुटल्यासारखं दिसलं.

पोराचं रडणं मात्र थांबलं होतं. तो निरखून बघत होता.

"याचे पाय कुठे आहेत?" त्याने विचारलं.

मावशी प्लास्टरवर जागा शोधायला लागल्या. तेवढ्यात आजीने चष्मा वर केला आणि वाकून पाहिलं. म्हातारी मूळची स्कॉटलंडची, लग्न होऊन इकडे आली त्याला चाळीस वर्षं झालेली. आपली भाषा सुरेख बोलायची, फक्त वाक्याच्या शेवटी आवाज वर न्यायची.

"पाय पाण्यात आहेत," आजी म्हणाली. "हा साधा घोडा नाही. हा केल्पी आहे."

आणि तिने तिथेच, प्लास्टरच्या टेबलाला टेकून, केल्पीची हकिगत सांगितली. तळ्याकाठी किंवा ओढ्याकाठी एकटाच उभा असलेला देखणा घोडा दिसला तर त्याच्या पाठीवर बसायचं नाही. आधी आयाळ बघायची. आयाळीतून पाणी ठिबकत असलं तर तो केल्पी. बसलेल्याचा हात त्याच्या पाठीला चिकटतो आणि घोडा सरळ पाण्यात जातो.

"चिकटतो म्हणजे प्लास्टरसारखा?" पोराने विचारलं.

"तस्साच. पण प्लास्टर सुटतं. केल्पी सोडत नाही."

या गोष्टीच्या नादात मावशींनी त्याची पाचही बोटं दाबून, हलवून पाहिली. पोराला कळलंही नाही. जाताना तो हात पोटाशी धरून गेला, घोडा सांडेल असा.

चहाच्या वेळी मावशी मला म्हणाल्या, "गंमत बघा. माझा घोडा चुकला, आणि तिच्या देशात त्याला नाव निघालं."

मला वाटलं, हे एकदाच झालं. पण आमचं हे बंदराचं शहर. गोदी, जहाजं, मासळीचे कारखाने, त्यामुळे माणसं कुठूनकुठून आलेली. मावशींनी एका मुलीच्या घोट्यावर ससा काढला, त्याचे कान शिंगांसारखे फाटे फुटलेले निघाले. मुलीचा बाप बेकरीवाला, मूळचा जर्मनीच्या दक्षिणेकडचा. तो म्हणाला, "अहो, हा तर वोल्पर्टिंगर. आमच्या रानात असतो. सशाला हरणाची शिंगं. पंख काढा की याला, आणि सुळे." मावशींनी पंख काढले. सुळे त्याने स्वतः काढले.

मग त्यांनी एक वही केली. पट्ट्यांचा हिशोब ठेवायच्या जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी होती, त्यांवर त्या लिहायला लागल्या. प्राणी कोणता, सांगणारा कोण, हाड कुठलं. 'वोल्पर्टिंगर. बेकरीवाला. मुलीचा घोटा, उजवा.' मी ती वही वाचली आहे. बुन्यिप हा त्यांचा सर्वांत लाडका. ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या लोकांच्या गोष्टींतला, पाणवठ्यात राहणारा, रात्री ओरडणारा. तो एका खलाशाने सांगितला. मावशींनी विचारलं, दिसतो कसा? खलाशी म्हणाला, त्यावर कोणाचंच एकमत नाही. कोणी म्हणतं कुत्र्याच्या तोंडाचा, कोणी म्हणतं लांब मानेचा. "म्हणजे कसाही काढला तरी बरोबर," मावशी म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात त्यांनी चार बुन्यिप काढले.

कप्प्याची गोष्ट मात्र सगळ्या इस्पितळाला माहीत आहे. एका जपानी कुटुंबातल्या मुलाच्या हातावर मावशींनी कासव काढलं. कासवाला टोपी घालायला गेल्या, तर ती झाली बशी.

"कप्पा," मुलाची आई खुशीत म्हणाली.

"कपाटाचा?" मावशींनी विचारलं.

बाई हसत सुटल्या. कप्पा म्हणजे नदीत राहणारा, लहान पोराएवढा, पाठीवर कवच असलेला प्राणी. त्याच्या डोक्यावर बशीसारखा खळगा असतो आणि त्यात पाणी. सगळी ताकद त्या पाण्यात. माणसाला पाण्यात ओढतो, पण आहे अतिशय शिष्टाचाराचा. तो समोर आला तर पळायचं नाही, वाकून नमस्कार करायचा. मग त्यालाही वाकावं लागतं. वाकला की पाणी सांडलं, आणि कप्पा निकामी.

अर्ध्या तासात ही बातमी बाहेरच्या बाकांवर पोचली. बारा-पंधरा मुलं होती, कोणाचा हात गळ्यात, कोणाचा पाय पुढे. सगळी एकमेकांना वाकून नमस्कार करायला लागली. त्याच वेळी हाडांचे मोठे डॉक्टर फेरीवर आले. मुलांनी त्यांना रांगेने वाकून नमस्कार केला. डॉक्टर गडबडले, मग तेही वाकले, आणि त्यांच्या वरच्या खिशातून दोन पेनं आणि चष्मा खाली पडला. मुलांची खात्रीच पटली. त्या दिवसापासून त्यांना मागून कप्पा डॉक्टर म्हणतात. त्यांच्या बायकोलाही ते माहीत आहे असं ऐकतो.

खरं म्हणजे डॉक्टरांना ही चित्रं पसंत नव्हती. त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. ऑपरेशननंतरच्या प्लास्टरवर आतलं रक्त बाहेर दिसलं तर त्या डागाभोवती रेघ मारून वेळ लिहायची असते, म्हणजे डाग वाढतोय का ते कळतं. तिथे कोणी निळे पंख काढून ठेवले तर डाग दिसणार कसा? मावशींनी ते मान्य केलं. टाके असलेल्या जागी चित्र नाही, असं ठरलं. तरीही डॉक्टर येताजाता नाक मुरडायचे.

मग एक अकरा वर्षांची मुलगी आली. सायकलवरून पडून हात मोडला होता. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला, दुसऱ्या दिवशी कामाची पाळी होती, आणि मुलीला फारसं दुखतही नव्हतं. आईचा येण्याचा विचार नव्हता. पण मावशींनी मुलीला सांगून ठेवलं होतं, "चित्र उद्या. ओल्या प्लास्टरवर शाई फुटते." ही मुलगी सकाळपासून आईच्या मागे लागली आणि शेवटी तिला घेऊन आली.

मावशींनी पेनाचं टोपण काढलं, आणि आधी सवयीने बोटांकडे पाहिलं. बोटं फुगलेली, गार, नखं निळसर. त्यांनी पेन बाजूला ठेवलं, करवत काढली, आणि मी डॉक्टरांना बोलावून आणेपर्यंत प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरून आतला कापूसही कापला होता. नंतर त्या तिचं नख दाबून, सोडून, दाबून बघत बसल्या. हळूहळू गुलाबी रंग परत आला. मुलगी म्हणाली, "आता मुंग्या येतायत." मावशींनी करवत हुकाला टांगली. आईला काय टळलं ते डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा तिने मुलीची पाचही बोटं स्वतः एकेक दाबून पाहिली.

डॉक्टर जाताना दारात थांबले. "मावशी," ते म्हणाले, "यापुढे प्रत्येक मुलाला सांगायचं. चित्र दुसऱ्या दिवशीच मिळेल. मी सांगितलंय म्हणून सांगा."

त्या वर्षी बोटं दाखवायला न येणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

आता मावशींच्या जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. थोरल्या जाऊबाई. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. मावशींच्या वरच्या मजल्यावरच राहतात. बाई मनाने फार चांगल्या, पण वाकडी रेघ दिसली की त्यांना अंगात कणकण येते. त्या गुडघ्याचा फोटो काढायला माझ्याकडे आल्या आणि बाकावर शेजारी बसलेल्या पोराचा हात त्यांनी पाहिला.

"हे काय आहे?" त्यांनी मावशींना बाहेर बोलावून विचारलं.

"बुन्यिप."

"बुन्यिप म्हणजे?"

"ते कोणालाच नक्की माहीत नाही, जाऊबाई."

"तुला तरी?"

"मला तर मुळीच नाही."

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, गावभर माझ्या विद्यार्थिनी आहेत. आणि माझ्याच घरातली तू लोकांच्या हातापायांवर हे असलं काढून पाठवतेस? संध्याकाळी वर ये."

मावशी वर गेल्या, आणि चार महिने रोज जात राहिल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भांडी आवरली की, आधी गोल, मग लांबगोल, मग छाया, मग घोड्याचे सांधे. मावशींचा हात कष्टाचा, आणि हाडं कशी जोडलेली असतात ते त्यांच्याइतकं कोणाला कळतं? चार महिन्यांत त्या खरोखर शिकल्या. घोडा घोड्यासारखा यायला लागला. ससा असा की उचलून मांडीवर घ्यावा. जाऊबाई एकदा मुद्दाम येऊन बघून गेल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शिकवणाऱ्यावर असतं."

सगळे खूश होते. फक्त मावशी दिवसेंदिवस गप्प व्हायला लागल्या.

"काय झालं?" एक दिवस मी विचारलं.

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "सात आठवडे झाले. एक नवीन प्राणी नाही."

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. मुलं चित्र बघायची, म्हणायची "छान आहे", आणि निघून जायची. आया म्हणायच्या "किती सुबक". आज्या, आजोबा, मामा, काका, कोणी चष्मा वर करून वाकत नव्हतं. घोडा घोडाच होता, त्याबद्दल बोलणार काय?

मावशींनी मुद्दाम चुकवून पाहिलं. सहा वर्षांच्या एका मुलाने लगेच पकडलं. "तुम्हाला येतं," तो म्हणाला. "तुम्ही मुद्दाम वाईट काढलंय." डाव्या हाताने काढून पाहिलं, तर तेही बऱ्यापैकी आलं. शिकलेलं विसरता येत नाही, हीच तर पंचाईत.

याच सुमारास वरच्या मजल्यावर, मुलांच्या वॉर्डात, एक लहानगी दाखल झाली. सात वर्षांची. इराणच्या डोंगराळ भागातून बापाबरोबर आली आणि दहाव्याच दिवशी नव्या घराच्या जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं. मावशींनी तिला घातलं ते त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या प्लास्टरांपैकी एक: छातीच्या खालून निघून एका पायाच्या बोटांपर्यंत आणि दुसऱ्याच्या गुडघ्यापर्यंत. ना बसता येत, ना कुशीवर वळता येत. सहा आठवडे असंच राहायचं. आई तान्ह्या भावाला घेऊन अजून तिकडेच. बाप गोदीवरच्या शीतगृहात मासळीच्या पेट्या उचलणारा, तो दुपारी अर्धा तास यायचा आणि मुलीचा हात धरून बसल्या बसल्या त्याचाच डोळा लागायचा. त्याला आपली भाषा थोडी यायची, तिला अजिबात नाही.

मुलगी बोलायची नाही. रडायचीही नाही. तोंड भिंतीकडे करून पडून राहायची. वॉर्डातल्या सिस्टरना शंका आली की तिला ऐकू येत नसावं. तपासलं, कान उत्तम होते.

मावशी रोज जेवणाच्या सुट्टीत वर जायच्या. एका दिवशी मांजर काढलं, दुसऱ्या दिवशी बदक. अगदी रेखीव. मुलगी एकदा बघायची आणि पुन्हा भिंतीकडे वळायची.

"उद्या मोर काढ," जाऊबाईंनी सल्ला दिला. "मोराला नाही कोण म्हणतं? मी येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी त्या दोघी गेल्या, आणि रिकामा होतो म्हणून मीही गेलो. मावशींनी पोटावरच्या सपाट जागेत मोर काढायला घेतला. डौलदार मान, लांब पिसारा. जाऊबाई मागून सांगत होत्या, "पिसं मुळाशी दाट, टोकाला मोकळी." मुलीने या वेळी मात्र तोंड फिरवलं नाही. पिसारा लांबत गेला तशी ती मान उचलून बघायला लागली. मावशी चोचीपाशी आल्या आणि तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी पेन क्षणभर प्लास्टरवर ठेवलं.

मुलीने ते उचललं. आणि त्या रेखीव मोराच्या तोंडावर ती सरळ गिरगटायला लागली. चोच पार झाकली. तिथे एक जाड नाकाड आलं, वर दोन उभे कान, बाहेर लोंबणारी जीभ. मग तिने पायांना मोठाली नखं काढली.

जाऊबाईंनी पेनाकडे हात पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांची शिक्षिका उभी राहिलेली मला दिसली. मावशींनी मागे हात करून त्यांचं मनगट धरलं.

मुलीने पेन खाली ठेवलं, चित्रावर बोट टेकवलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सीमुर्ग."

इस्पितळात आल्यापासूनचा तिचा पहिला शब्द. मावशी गोंधळल्या. "काय म्हणाली? मूर्ख?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. "मला म्हणतेय का?"

"सीमुर्ग," मुलगी जोरात म्हणाली.

"सी... मूर्ख."

मुलीने डोळे मिटून मान हलवली, अगदी वर्गातल्या ढ पोराला बघून जाऊबाई हलवायच्या तशी. "मुर्ग. मुर्ग. सीमुर्ग." मावशी पुन्हा चुकल्या. आता मात्र मुलीच्या तोंडाचा कोपरा हलला. तिसऱ्यांदा चुकल्या तेव्हा ती हसली, आणि हसताना पोटावरचं प्लास्टर हलेना म्हणून तिला आणखी हसू आलं. शेजारच्या पलंगावरची मुलं "सी मूर्ख, सी मूर्ख" ओरडायला लागली. सिस्टर धावत आली, काय झालं बघायला, आणि दारातच थांबली.

जाऊबाई वाकल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि चित्र बराच वेळ पाहिलं. "कुत्र्याचं तोंड मोराच्या मानेवर," त्या म्हणाल्या. "आणि बसलंय बरोबर. जोड कुठे दिसत नाही." चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून एवढं कौतुक किती विद्यार्थ्यांनी ऐकलं असेल, देव जाणे.

तीन वाजता बाप आला. पोटावरचं चित्र पाहिलं आणि त्या दिवशी त्याला झोप लागली नाही. मोडक्यातोडक्या भाषेत, अडेल तिथे हातांनी, त्याने सांगितलं. सीमुर्ग म्हणजे जगाएवढी म्हातारी पक्षीण. उंच डोंगरावर राहते. तोंड कुत्र्याचं, नखं सिंहाची, पिसारा मोराचा. डोंगरावर कोणी एक तान्हं पोर टाकून गेलं, तर तिने ते उचललं आणि आपल्या पिल्लांत वाढवलं. मोठा होऊन तो माणसांत परत निघाला तेव्हा तिने त्याला एक पीस दिलं. संकट आलं तर जाळ, मी येईन. जखमाही बऱ्या करते ती. मुलीची आई तिला ही गोष्ट झोपताना सांगायची.

"सीमुर्गापुढे मोर तिला कोंबडी वाटला असेल," मावशी म्हणाल्या. बापाने ते मुलीला सांगितलं. मुलीने मान डोलावली. हो, तसंच काहीसं.

मावशींनी त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. त्या आता पूर्ण चित्र काढत नाहीत. एक पाठ काढतात, किंवा नुसती शेपटी, फार तर एक डोळा. मग पेन पुढे करतात. ज्याच्या हाताला लागेल त्याच्या. मुलगा, आई, आजोबा, बाकावर शेजारी बसलेला कोणी. वही परत भरायला लागली. पुढच्या महिन्यात दोनदा नवी वही आणावी लागली.

आणि वरच्या वॉर्डातलं ते मोठं प्लास्टर तर सगळ्या इस्पितळाचं झालं. चालता येणारी मुलं तिच्या पलंगाशी रांग लावायची, आणि कोणी काय कुठे काढायचं ते ती ठरवायची. सीमुर्गाच्या शेपटीपाशी केल्पी, गुडघ्यावर शिंगांचा ससा, नडगीवर कप्पा. एका पोराने घोट्यापाशी कप्पा डॉक्टरांनाच काढलं, खिशातून पेनं पडताना. डॉक्टरांनी फेरीवर ते पाहिलं, पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, आणि पुढच्या पलंगाशी जाऊन हसले. सहा आठवड्यांत मुलगी आपली भाषा बोलायला लागली. पहिलं पूर्ण वाक्य तिने मावशींनाच सुनावलं: "इथे नाही, तिथे काढ."

तिची आई बाळाला घेऊन आली ती नेमकी प्लास्टर काढायच्या दिवशी, प्रवासाची पिशवी खांद्यावर तशीच. मावशींनी करवत सीमुर्गाला वळसा घालून चालवली. एरवी अर्ध्या तासाचं काम, तासभर लागला. आतून निघालेले पाय बारीक, पांढरे, कातडी सुटलेले. मुलीने अंगठा हलवला, मग दुसरा, आणि आईने ते दोन्ही अंगठे मुठीत धरून ठेवले. पोटावरचा तुकडा बापाने मागितला. सहा आठवड्यांच्या प्लास्टरला वास किती येतो ते मला विचारा. मावशींनी तो आतून घासून गच्चीवर चार दिवस उन्हात वाळवला आणि कापडात बांधून दिला. मुलगी आता शाळेत जाते, धावते. पायात कणभर फरक नाही, मी स्वतः फोटो काढून पाहिलाय.

जाऊबाई दर बुधवारी येतात. बाकावर मुलांच्या मध्ये बसतात आणि अर्धवट रेघा काढून देतात. पूर्ण करायचा मोह त्यांना अजून आवरत नाही. मग मावशी आतून हाक मारतात, "जाऊबाई, हात," आणि त्या पेन सोडून देतात.

गेल्या महिन्यातली गोष्ट. गोदीवरचा क्रेन चालवणारा एक माणूस मनगट मोडून आला. साठीचा, दाराएवढा उंच, भरघोस मिशा. दुसऱ्या दिवशी बोटं दाखवायला वेळेवर हजर. मावशींनी बोटं पाहिली, म्हणाल्या, सगळं ठीक आहे, आता तीन आठवड्यांनी या. तो उठेना.

"आणखी काही होतंय का?" मावशींनी विचारलं.

"नाही. होत काही नाही." तो दाराकडे बघून घेत म्हणाला, "ते तुम्ही मुलांना काढून देता ते. मोठ्यांना नसेल ना?"

"का नाही? बसा."

मावशींनी त्याच्या मनगटावर एक लांब कमानदार रेघ काढली, टेकडीसारखी, आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्याने डाव्या हाताने ते धरलं. पेनाचं टोक रेघेच्या एका टोकाला टेकवलं.

"माझे वडील मासेमारी करायचे," तो म्हणाला. "नॉर्वेच्या किनाऱ्यावर. ते म्हणायचे, भर समुद्रात नकाशावर नसलेलं बेट दिसलं तर उतरू नका. ते बेट नसतं, क्राकेन नावाच्या अजस्र जलचराची पाठ असते. पण गंमत अशी, की त्याच्या डोक्यावर मासे खच्चून असतात. एखाद्या दिवशी जाळं फाटेस्तोवर मासे लागले, की वडील हसायचे आणि म्हणायचे, पोरांनो, पटापट भरा. खाली कोण आहे ते मला कळलंय."

बोलता बोलता त्याने कमानीखाली पाय काढायला सुरुवात केली होती, वळणावळणाचे, एकात एक गुंतलेले, थेट कोपरापर्यंत. वर एक इवलीशी होडी काढली, आणि होडीत तीन ठिपके. मधला मोठा, दोन लहान. बाहेर माझ्या दारापुढे सहा माणसं खोळंबली होती, पण मी मावशींच्याच खोलीत उभा होतो.

काम झालं तसं त्याने सदऱ्याची बाही ओढून प्लास्टरवर घेतली आणि मान खाली घालून निघून गेला. मी खिडकीतून पाहिलं. फाटकाशी पोचेपर्यंत बाही वर गेली होती. तो पहारेकऱ्याला हात दाखवून काहीतरी सांगत होता, आणि पहारेकरी खुर्चीवरून उठून, टोपी मागे सारून, वाकून बघत होता.